प्रधानकाकांची लाल टाकी

माणूस घर घेताना काय बघतो? स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं, शेजारी बरे आहेत का. प्रधानकाकांनी टाकी बघितली. गच्चीवरची, पाण्याची. मुलुंडचा चांगला हवेशीर ब्लॉक विकून हा माणूस अंधेरीला, वेसाव्याच्या रस्त्यावरच्या आमच्या शुभदा सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला आला, कारण काय, तर आमच्या बिल्डिंगची टाकी लाल होती. हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं तेव्हा मी जिन्यात उभी राहून पोट धरून हसले होते. पुढे त्याच टाकीनं मला असा हादरा दिला की अजूनही कुठल्या गच्चीवर रंगारी चढलेला दिसला तरी मी खाली थांबून त्याच्या डब्यात कुठला रंग आहे ते बघते.

दिसायला काका अगदी साधे. उंच, जरा वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात रबरी चपला, कारण वाळूत चामड्याची वाट लागते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नाशकाला दिलेली. एक खोड मात्र भलती. बोलता बोलता मधेच एक डोळा मिटायचे आणि हळूच एक पाऊल बाजूला सरकायचे. समोर विजेचा खांब असला आणि त्याच्या मागे देवळाचा झेंडा असला, की खांबाआड झेंडा बरोब्बर लपेपर्यंत ह्यांना चैन नाही. सेक्रेटरींच्या बायकोनं, नाडकर्णीबाईंनी, तर नवऱ्याकडे तक्रार केली होती की हे गृहस्थ माझ्याकडे बघून डोळा मिटतात. त्यांना कोणीतरी समजावलं की अहो, ते तुमच्याकडे बघतच नव्हते, तुमच्या मागच्या नारळाकडे बघत होते. त्याचाही बाईंना राग आला.

दुसरी खोड म्हणजे एक शब्द. "विचारलंत?" पोरं कंपाउंडमध्ये गोट्यांसाठी गल खणायला बसली की चौथ्या मजल्यावरून आवाज यायचा, "खणताय ते विचारलंत का?" प्लंबर भिंत फोडायला लागला की हे हजर. "विचारलंस?" मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, साधा खिळा ठोकायचा तर कोणाला विचारायचं हो?"

"भिंतीत वायर कुठून गेलीय ते ज्याला ठाऊक आहे त्याला," ते म्हणाले. "अगं वसुधा, केबल मुद्दाम कोणीच तोडत नाही. सगळे न विचारता तोडतात."

केबल हेच त्यांचं आयुष्य होतं. ऐंशीच्या दशकात आपल्याकडून आखाताशी बोलायची केबल समुद्राच्या तळावरून गेली, त्या कामात ते होते आणि नंतर तिची राखण हीच त्यांची नोकरी झाली. मला आधी वाटायचं, समुद्राच्या बुडाशी पडलेल्या वस्तूची राखण कसली करायची, तिथे जातंय कोण. काका म्हणायचे, नांगर जातात, जाळी जातात आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुंट जातात. आमच्या वेसाव्याचे कोळी डोलीचं जाळं लावतात. त्यासाठी समुद्राच्या चिखलात भलेमोठे लाकडी खुंट ठोकायचे आणि त्यांना जाळं बांधायचं. दोन होड्या जोडून, माणसांच्या वजनानं आणि भरतीच्या जोरानं तो सोट खाली दाबत नेतात. तो केबलवर बसला की केबल मेली. आणि खुंटाची जागा म्हणजे कोळ्याचं शेत. बापाची जागा मुलाला जाते, दुसरा कोणी तिथे ठोकत नाही. पावसाळ्यात खुंट निघतात, मोडतात, मग नारळी पौर्णिमा झाली की आपापली जागा शोधून पुन्हा ठोकायचे.

केबल किनाऱ्याला लागली तो दिवस आमच्याकडे अजून सांगतात. मीही बघायला गेले होते. जहाज लांब उभं, आणि तिथून हवा भरलेल्या ट्यूबांवर तरंगत एक काळा जाडजूड दोर वाळूकडे ओढत आणत होते. ओढायला निम्मा कोळीवाडा पाण्यात उतरला होता. परदेशी इंजिनिअर शिट्ट्या मारत होते, त्या कोणी ऐकत नव्हतं, सगळे काकांच्या हाताकडे बघत होते. टोक वाळूला टेकलं तशी हिराबाय पुढे झाली. ही जनार्दन नाखव्याची बायको, आमच्या बिल्डिंगीत रोज मासळी घेऊन येणारी, जीभ अशी की दोन विळ्यांचं काम करील. तिनं केबलला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला आणि म्हणाली, "नवरी आयली गावान. आता हिला कोनी तरास देयाचा नाय." परदेशी साहेबानं काकांना विचारलं, ही बाई काय करतेय? काका गंभीरपणे इंग्रजीत म्हणाले, विमा उतरवतेय.

मग चर खणून केबल पुरली, वरून लोखंडी कवच बसवलं. पण ते किनाऱ्यालगत. पुढे आत ती नुसती चिखलात पडलेली, आणि नेमकी नाखव्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या खुंटांच्या शेजारून. काकांच्या ऑफिसनं सरळ हुकूम काढायचं ठरवलं होतं, त्या सगळ्या पट्ट्यात खुंट बंद. म्हणजे त्या घरांनी जायचं कुठे? कोळीवाड्यात त्या आठवड्यात कोणाच्या चुलीवर धड जेवण शिजलं नाही असं हिराबाय सांगायची. तेव्हा काका मधे पडले. म्हणाले, बंदी नको, मी खूण देतो.

कोळी समुद्रात जागा शोधतात ती किनाऱ्यावरच्या दोन खुणा जुळवून, हे त्यांना ठाऊक होतं. पूर्वी एक जुना ताड होता, तो नव्या बिल्डिंगांच्या मागे गेला. सगळ्या बिल्डिंगा एकाच छापाच्या, टाक्या सिमेंटच्या करड्या. एक आमचीच लाल, कारण बिल्डरनं कुठलातरी उरलेला रंग तिला फासला होता. काकांनी होडीत बसून ठरवून दिलं. गावच्या देवळाचा कळस आणि मागे ही लाल टाकी. टाकी कळसाच्या डाव्या अंगाला मोकळी दिसली की खुशाल ठोका. कळसाआड लपली की हात आवरा, खाली केबल आहे. ऑफिसनं नाइलाजानं मान्य केलं, पण बजावलं की एकदा जरी केबलला धक्का लागला तरी पट्टा बंद. काकांनी नाखव्याला शब्द दिला, टाकी माझ्याकडे लागली. आणि मुलुंडचं घर विकून टाकीखाली येऊन राहिले. आता सांगा, मी हसले ते चुकलं का? पण तेव्हा मला यातलं निम्मंच माहीत होतं. केबल नेमकी कुठून जाते ते बोलायची त्यांना मनाई होती. सोसायटीत ते एवढंच सांगायचे की टाकी लाल राहू द्या, ती कोळ्यांची खूण आहे.

सोसायटीच्या मीटिंगला मी भाडेकरू म्हणून मागे खुर्ची टाकून बसायची. मत नाही, पण करमणूक फुकट. आमचे सेक्रेटरी नाडकर्णी. कडक इस्त्रीचा बुशशर्ट आणि घसा खाकरून बोलायची सवय. एका वर्षी त्यांनी विषय काढला की बिल्डिंग क्रीम रंगाची आणि डोक्यावर ही लाल टाकी, बघवत नाही, पांढरी करू.

काका उठले. "नाही करायची."

"कारण?"

"कोळी तिच्यावर समुद्रात जागा धरतात."

सगळी मीटिंग हसली. नाडकर्णी म्हणाले, "प्रधान, उद्या ते माझ्या लुंगीवर जागा धरतील, म्हणून मी लुंगी बदलायची नाही का?"

"तुमची लुंगी रोज एकाच जागी वाळत असेल, तर विचारून बदला," काका म्हणाले. चेहरा तसाच. पुन्हा हशा झाला आणि टाकी वाचली. लोकांनी ती म्हाताऱ्याची लहर म्हणून सोडून दिली, इतकंच.

मग त्यांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. मुलीनं नाशकाला बोलावून घेतलं, ऑपरेशन तिथेच. त्या वेळी ते आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी असं नव्हतं, पडून राहावं लागायचं. जायच्या आधी बिल्डिंगला रंग द्यायचं ठरलंच होतं, तर काकांनी काँट्रॅक्टरला गाठून लाल रंगाचा डबा स्वतः उभं राहून मागवून घेतला. नाडकर्ण्यांना सांगितलं, मला सांगितलं, वॉचमनला सांगितलं. टाकी लाल. मग डोळ्याला हात लावत रिक्षात बसले.

पाऊस ओसरला आणि बांबूची परांची चढली. एका दुपारी मी बँकेतून आले तर टाकी पांढरी. मी तशीच नाडकर्ण्यांच्या दारात गेले. "प्रधानकाकांना विचारलंत?"

"वहिनी, तुम्ही भाडेकरू," ते म्हणाले. "आणि ते इथे नाहीत. आले की ओरडतील चार दिवस. पांढरी कशी झकास दिसते बघा तरी."

मी त्यांना दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. घरी येऊन विचार केला, कोळ्यांना टाकी दिसली नाही तर ते दुसरी खूण शोधतील, काका आले की बघतील. यापलीकडे माझी अक्कल पोचली नाही. पण तो लाल डबा कुठे गेला, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. कोणाच्याच आला नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. मला त्या दिवशी सुट्टी होती. भाजी घेऊन फाटकापाशी आले तोच काकांची रिक्षा आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात कापडी पिशवी, तोंड भरून हसू. "कशी आहेस गं?" म्हणाले, आणि सवयीनं मान वर केली.

मी बोलायला तोंड उघडत होते. ते बघतच राहिले. मग पट्टी चाचपली. चांगला डोळा चोळला. आणि अगदी हळू मला विचारलं, "वसुधा, मला दिसतंय ते बरोबर आहे का? का माझं डोकं फिरलंय? आपली टाकी कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी, काका. मी नाडकर्ण्यांना..."

"आणि ती? ती लाल कुठली?"

मी तिकडे बघितलं. आमच्या उत्तरेला सागरदीप, हुबेहूब आमच्यासारखी बिल्डिंग, त्याच बिल्डरची. तिच्याही रंगाचं काम त्याच काँट्रॅक्टरकडे होतं. तिच्या डोक्यावर लालभडक टाकी. काकांनी मागवलेला डबा वाया कशाला घालवायचा म्हणून त्यानं तो तिकडे वापरला होता. मी रोज तिच्याखालून जात होते आणि मान वर करून बघितलं नव्हतं.

काका पिशवी खाली ठेवून तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला म्हणाले, "लाल टाकी एक घर डावीकडे गेली. आता केबलवर उभं राहिलं तरी ती कळसाच्या डावीकडे मोकळी दिसणार." मग त्यांनी मला सगळं सांगितलं, केबल, पट्टा, बंदी, दिलेला शब्द, जेवढं आजवर सांगितलं नव्हतं तेवढं. भाजीची पिशवी वॉचमनकडे टाकून मी त्यांच्याबरोबर कोळीवाड्याकडे धावले. म्हणजे धावले मी, ते भिंतीला हात लावत चालत होते, पण माझ्या पुढे होते.

कोळीवाड्यात शिरलो तर वाजंत्री. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, पोरं चिखलानं माखलेली, बायका नटलेल्या. हिराबाय ताट घेऊन समोर आली, केसात ही भली वेणी.

"साहेब आयलं! डोला कसा हाय? बसा, गोड खावा. सकालीच खुंट ठोकून आयली पोरां."

काका उभेच राहिले. "टाकी दिसली?"

"दिसली म्हंजे? नवा रंग दिलाव ना? यंदा कवरी लांबून दिसत होती. कलसाच्या डाव्या हाताला, एकदम मोकली. नाखवा बोलला, साहेब आजारी हाय तरी टाकी रंगवून गेला."

मी काकांकडे बघू शकले नाही. त्यांनी ताटातला नारळीभात उचलला, खाल्ला आणि म्हणाले, "हो. नवा रंग दिलाय." मग नाखव्याच्या खांद्यावर हात ठेवून पोरांची चौकशी केली, मोठ्याचं लग्न कधी करतोस विचारलं. मला वाटलं, ह्यांना कळलंच नाही की काय ऐकलं ते.

बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन होता. त्यांनी ऑफिसला फिरवला. "प्रधान बोलतोय. लाइन कशी आहे?" ऐकत राहिले. "हं. सकाळपासून का. बरं." फोन खाली ठेवला, वाण्याला धन्यवाद दिले. मला एवढंच म्हणाले, "गेली."

दुसऱ्या दिवशी जनार्दन नाखवा आमच्या कंपाउंडमध्ये येऊन उभा राहिला. मान वर, दोन टाक्यांकडे आलटून पालटून बघत. तो काही खुळा नव्हता. रात्री कोणीतरी बोललं असेल आणि त्याच्या ध्यानात आलं. काका खाली आले. मी जिन्याच्या तोंडाशी होते.

"साहेब, टाकी हाललीय," नाखवा म्हणाला. "लाल म्हंजे तुमची. आमी शंका कशाला घेऊ? आता हापिसान येऊन आमी सांगतो, चूक तुमची नाय, आमचीपन नाय."

"नाही सांगायचं."

"का?"

"टाकी चुकली म्हणालास तर खुणेची रीतच चुकली. मग ते म्हणतील, कोळ्यांच्या खुणांवर भरवसा नाही, पट्टा बंद करा. मी चुकलो म्हणालो तर एक माणूस चुकला. माणूस बदलता येतो, जनार्दन. रीत राहते."

नाखव्यानं खाली वाकून काकांच्या पायाला हात लावला आणि फाटकातून निघून गेला. मी भांडले. म्हटलं, "काका, तो नाडकर्णी मोकळा सुटणार आणि तुम्ही फासावर चढणार?" तर म्हणाले, "तू कोणाला सांगणार नाहीस. हा गरम घास आहे, जीभ भाजेल, तरी गिळायचा." गिळला बाई मी. कसा गिळला ते मलाच माहीत.

कारण वर पुन्हा तो नाडकर्णी होताच. त्यांच्या मुलीचं दुबईच्या मुलाशी जमत होतं आणि नेमका फोन लागेना. रोज जिन्यात तमाशा. "काय हे खातं आहे! जहाज येऊन दुरुस्त करणार म्हणे. कुठल्या गाढवानं तोडली देव जाणे." हे ते कोणासमोर म्हणत होते? प्रधानकाकांसमोर. काका म्हणाले, "काम चालू आहे. होईल." आणि वर गेले. मी कठडा धरून उभी होते, नाहीतर माझा हात उठला असता, खरं सांगते.

जहाज आलं, केबल उचलली, चेंगरलेला तुकडा कापून नवा जोडला. चौकशीत काकांनी सांगितलं, खूण मी ठरवली आणि खूण देण्यात माझी चूक झाली. निवृत्तीला थोडकंच राहिलेलं असताना त्यांना घरी बसवलं. नोकरीभर ज्यांनी साहेब साहेब केलं त्यांतलं कोणी निरोपालासुद्धा आलं नाही. पण जाताना त्यांनी एक गोष्ट मागितली, आणि ती मिळाली. यापुढे कोणाच्या गच्चीवर खूण नको, किनाऱ्यावर ऑफिसचे स्वतःचे दोन लोखंडी खांब रोवा, एकामागे एक. पट्टा बंद झाला नाही. नाखव्याचे खुंट राहिले.

नाशकाला कायमचं जायचं ठरलं तेव्हा सामान टेंपोत चढवून ते मला म्हणाले, चल, किनाऱ्यावर जाऊन येऊ. जाड भिंगांचा चष्मा लागला होता, पायरी उतरताना आता चाचपडायचे. वाळूत ते दोन खांब उभे होते. काका पाण्याच्या कडेला गेले, समुद्राकडे पाठ केली, एक डोळा मिटला आणि हळूहळू एकेक पाऊल बाजूला सरकायला लागले. पुढच्या खांबाआड मागचा लपला तसे ते थांबले. बरोबर केबलवर उभे होते.

"वसुधा, वरचं टोक लाल आहे का? का माझा चष्मा?"

होतं. दोन्ही खांबांची टोकं ताज्या लाल रंगानं माखलेली, ओघळ खालपर्यंत आलेले. मागे हिराबाय पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, ती म्हणाली, "सरकारनं पांढरे दिलते, साहेब. आमाला लालच कलतो."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. मग तिला विचारलं, "ऑफिसात विचारलंत?"

"नाय," हिराबाय म्हणाली. "तुमालाच विचारायला थांबलोय. ठेवू का?"

त्यांनी नुसती मान हलवली, ठेवा म्हणून, आणि चष्मा डोळ्यांवर चढवून पुन्हा त्या दोन खांबांकडे बघायला लागले. टेंपोवाला रस्त्यावरून हॉर्न वाजवत होता.